खिडकीतली फांदी

त्या शनिवारी सकाळपासून लायल मागच्या खोलीत फतकल मारून बसला होता. तंबूच्या नळ्या एकमेकींत अडकवताना त्याची कुरकुर अखंड चालू होती. घरात दिव्याखाली झाडं वाढवायचा तो तंबू कपाटाएवढाच होता. बाहेरून काळा, आतून आरशासारखा चकचकीत.

"बाहेर सूर्य फुकट आहे," तो म्हणाला, "आणि माझी मुलगी विजेचं बिल भरून झाड वाढवणार."

"बाहेर सूर्य कुठाय, लायल?" लार्कनं खिडकीकडे हात केला. काचेपलीकडे समुद्रावरून आलेलं धुकं शेजारच्या घराचं छप्परही दिसू देत नव्हतं. मार्चमध्ये असंच असे. खरं तर जुलैमध्येही.

लायलनं मान वळवून नीट पाहिलं. "गावच चुकीच्या जागी बांधलंय."

"ते आता सांगून काय उपयोग?"

"मला विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं."

ती हसली. डोंगरावर वाढलेली मुलं आईबापांना नावानंच हाक मारत. आईबापांनीच तसं शिकवलेलं. शहर सोडून उत्तर कॅलिफोर्नियाच्या त्या डोंगरात ते राहायला आले तेव्हा त्यांना बऱ्याच गोष्टी नकोशा झाल्या होत्या, आणि 'डॅडी' त्यातलाच एक शब्द होता. मुलांची नावंही तशीच. लार्क म्हणजे चंडोल. तिच्या वर्गात एक नदी होती, दोन पाऊस होते आणि एक ससाणा, ज्याला पुढे दाताचा डॉक्टर व्हायचं होतं आणि जो झालाही.

गेल्या शरद ऋतूत लायलच्या हृदयानं चढ चढायला नकार दिला. लार्क त्याला खाली, किनाऱ्यावरच्या गावात, आपल्या घरी घेऊन आली. ती गावच्या ग्रंथालयात काम करायची. घरभर पुस्तकं होती. लायलनं सोबत दोन शर्ट, एक कात्री आणि काचेची एक छोटी बरणी आणली. बरणीवर पट्टी होती : 'बीट'.

आता ती बरणी त्यानं खिशातून काढून तिच्या हातात दिली. तळाशी चिमूटभर बी होतं.

"अजून बीटच?" ती म्हणाली.

"मग काय लिहू? शेरीफसाठी नाव, गाव, पत्ता?"

"आता कायद्यानं चालतं. घरटी सहा झाडं."

"कायदा आत्ता आलाय. बरणी जुनी आहे."

त्यानं चाळीसेक वर्षं एकच गांजा लावला होता. दरवर्षी त्यातलंच बी धरायचं, तेच पुढच्या वर्षी लावायचं. बाकीचे लोक दर हंगामात नव्या नावांच्या मागे धावले. हा नाही. या वाणाला नावही नव्हतं. नाव विचारलं की तो म्हणे, "माझ्याकडे एकच आहे, त्याला हाक मारायची वेळच येत नाही." शेजारीपाजारी 'लायलचं' म्हणत. पण गेले दोन उन्हाळे त्याच्यानं काही लावणं झालं नव्हतं, आणि जुनं होत गेलेलं बी वर्षागणिक मरत होतं.

"किती भिजवायचं?" लार्कनं विचारलं.

"सगळं."

"सगळं? मागे काही ठेवायचं नाही?"

"ठेवून काय त्यांची शाळा घ्यायचीय? पुढच्या वर्षी यातलं एकही उगवणार नाही. आत्ता येतील ती येतील. त्यातून बी धरायचं. नाहीतर संपलं."

"कसं धरायचं?"

"सांगतो. आधी उगवू तर देत."

त्यानं ओल्या फडक्यात बी गुंडाळलं, बशीत ठेवलं, वर दुसरी बशी पालथी घातली आणि फ्रिजच्या माथ्यावर उबेला ठेवून दिलं. मग त्यानं घेवड्याचा रस्सा केला. लार्कनं मक्याचा पाव भाजला. तो कोरडा झाल्याचं लायलनं दोनदा सांगितलं आणि तीन तुकडे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला नाही.

*

मृत्यूची बातमी स्थानिक वर्तमानपत्रासाठी लार्कनंच लिहिली. तीत तिनं त्याचा जन्म लिहिला, त्यानं अग्निशमन दलासाठी फुकट हाकलेली पाण्याची गाडी लिहिली, आणि व्यवसायाच्या जागी 'सुतार' असं लिहिलं. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. तिसरीत मिसेस हॅगर्टींनी एकेकाला उभं करून विचारलं होतं, तुझे वडील काय करतात? सगळ्यांचे वडील सुतार होते. डोंगरावर एवढे सुतार राहत होते आणि एकाही घराचं दार धड लागत नव्हतं. मुलांना बोलता येण्याआधी हे पाठ झालेलं असे : आपण काय लावतो ते बोलायचं नाही. फोनवर 'टोमॅटो' म्हणायचं. पोलिसांचं हेलिकॉप्टर आलं की वर न बघता घरात जायचं. कायदा बदलला तरी जीभ बदलली नव्हती.

अंत्यविधीला डोंगरावरचे सगळे आले. मिसेस हॅगर्टीही आल्या, काठी टेकत. त्यांनी लार्कचा हात हातात घेतला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "फार चांगला सुतार होता हं लायल."

मागून मार्नी पुटपुटली, "त्यानं बांधलेलं माझ्या कोंबड्यांचं खुराडं पहिल्या पावसात बसलं."

मार्नी लायलची शेजारीण. एका डोंगराच्या दोन उतारांवर दोघांनी आयुष्य काढलं होतं, एकमेकांना शिव्या देत आणि एकमेकांचे पाण्याचे नळ दुरुस्त करत.

फ्रिजवरच्या बश्या लार्कला चार दिवसांनी आठवल्या. फडकं वाळत आलं होतं. तिनं ते उलगडलं. बरंचसं बी तसंच पडलेलं होतं. चार मात्र फुटली होती, मटकीला यावेत तसे पांढरे मोड. तिनं फडकं पुन्हा ओलं केलं. मग कुंड्या शोधायला गेली.

*

सगळ्यात आधी तिनं चूक केली ती मातीची. डोंगरावर जाऊन लायलच्या वाफ्यातली माती ती बादली भरून घेऊन आली. त्याची झाडं त्याच्याच मातीत वाढावीत, असं तिला वाटलं. मातीसोबत चिलटंही आली. उघड्यावर त्यांना पक्षी, कोळी आणि वारा पुरून उरत. तंबूत त्यांना राज्यच मिळालं. आठवड्याभरात ग्रंथालयात पुस्तक उघडताना तिच्या बाहीतून चिलटं उडायला लागली.

दुसरी चूक पाण्याची. दर थोड्या वेळानं ती खोलीत जाई आणि काहीतरी करायचं म्हणून पाणी घाली. पानं लोंबकळली, म्हणून आणखी घाली.

मार्नी अंड्यांची टोपली घेऊन आली आणि तिनं कुंडी उचलून पाहिली. "ही काय, विहीर आहे?"

"पानं सुकल्यासारखी वाटत होती."

"बुडलीत ती. तुला करमत नाही म्हणून त्यांनी किती प्यायचं गं?"

 मार्नीनं कुंडी खाली ठेवली आणि तंबूत डोकं घातलं. "आणि हा दिवा? एवढा खाली?"

"किती वर हवा?"

"मला काय माहीत? सूर्य वरखाली करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही."

त्या दिव्याखाली वरची पानं भाजलेल्या पापडासारखी कडांनी वळली होती. दोघींनी दिव्याची साखळी वर घेतली, दोन दिवस वाट पाहिली, पुन्हा वर घेतली. नवी पानं सपाट यायला लागली तेव्हा लार्कला ग्रंथालयात मध्येच हसू आलं आणि समोरच्या गृहस्थांना वाटलं, त्यांच्या चष्म्याला हसली.

मग देठ. झाडं उंच झाली पण काडीसारखी. एक तर दुपारी चक्क झोपलं. ग्रंथालयातली सगळी पुस्तकं खतांबद्दल बोलत होती. लार्कनं खत वाढवलं तशी पानांची टोकं जळाली. शेवटी एका संध्याकाळी डोंगरावर, लायलच्या रिकाम्या वाफ्यापाशी उभी असताना तिच्या केसांतून वारा गेला आणि तिला कळलं. तंबूत वारा नव्हता. ज्या झाडाला कुणी हलवत नाही, त्यानं जाड कशाला व्हायचं? तिनं छोटा पंखा आणला. झाडं दिवसभर डुलायला लागली आणि देठ बोटासारखे झाले.

त्या वेळी तिला लायल पहिल्यांदा नीट दिसला, असं म्हटलं तरी चालेल. ती इथे बटणं दाबून सूर्य लावत होती, रात्र पाडत होती, वारा सोडत होती, आणि एकेक गोष्ट चुकली की झाड मरायला टेकत होतं. त्यानं हे सगळं एका उतारावर उभं राहून निवडलं होतं. सकाळचं ऊन कुठल्या बाजूनं येतं, दुपारी ओकच्या झाडांची सावली किती सरकते, धुकं कुठवर चढतं आणि कुठे थांबतं, झऱ्याचं पाणी ऑगस्टमध्ये किती उरतं. वरून हेलिकॉप्टरला दिसू नये आणि तरी सूर्याला दिसावं, अशी जागा. यातलं काही त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. लहानपणी तिला वाटे, तो नुसता कमरेवर हात ठेवून उभा राहतो. त्या उभं राहण्याला केवढं डोकं लागत होतं!

*

जून संपता संपता लार्कनं दिव्याचे तास कमी केले. झाडाला फूल यायचं तर दिवस आखडावा लागतो, आणि रात्र सलग हवी. मधेच तंबू उघडून बघितलेलं चालत नाही. न बघणं तिला सगळ्यात जड गेलं.

दोन आठवड्यांनी, एका रविवारी, मार्नी चहा करत होती आणि लार्क दुपारचं पाणी घालायला तंबूत शिरली होती. चौथ्या कुंडीशी तिला ते दिसलं. देठ आणि फांदीच्या बेचक्यात गोल, गुळगुळीत मण्यांचा घोस. मादीच्या फुलाला असतात तसे पांढरे केस नाहीत. म्हणजे नर.

पुढचं तिच्या हातानं केलं. लहानपणी जुलै आला की लायल तिला ओळींमधून सोडायचा. तिची उंची बरोबर बेचक्याएवढी होती आणि नजर कोणत्याही मोठ्या माणसापेक्षा तीक्ष्ण. नर दिसला की उपटायचा, फुलण्याआधी, विचार न करता. एक नर फुलला तर सगळ्या डोंगराचं पीक बियांनी भरायचं, आणि बियांनी भरलेला गांजा कुणी घेत नाही. प्रत्येक नरामागे तिला जर्दाळूचा एक सुका तुकडा मिळे. ती त्या कामात पटाईत होती. आत्ताही तिनं बुडाशी धरलं, पीळ दिला आणि ओढलं. देठ मातीलगत कट्‌कन तुटला.

"नर होता!" ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, झाड हातात उंच धरून.

मार्नीनं किटली खाली ठेवली. "बाकीची तीन?"

"मादी आहेत. तिन्ही."

"आणि बरणीत काय उरलंय?"

लार्कचा हात हळूहळू खाली आला. बरणीत काही नव्हतं. आता तीन झाडांना सुंदर फुलं येतील, एकाही फुलात बी धरणार नाही, आणि लायलचं तिथेच संपेल.

"परत मातीत खोचू?" ती म्हणाली.

"मुळं कुठायत?"

मुळं कुंडीत राहिली होती. लार्क खुर्चीवर बसली. मार्नीनं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ती तशातली नव्हती. तिनं दोन कप चहा ओतला आणि म्हणाली, "मी पण तेच केलं असतं. माझाही हात थांबला नसता." थोड्या वेळानं पुन्हा, "पण मला एक कळत नाही. त्याच्या वाफ्यात मला जन्मात नर दिसला नाही. मग दरवर्षी बी यायचं कुठून?"

"मी सगळे उपटायचे," लार्क म्हणाली. "एकूण एक. उपटून त्याच्याकडे नेऊन द्यायचे आणि तो..."

तिनं हातातल्या झाडाकडे पाहिलं.

"आणि तो?"

"तो त्यातला एक घरात घेऊन जायचा."

डोंगरावरच्या घरात न्हाणीघराला एक खिडकी होती. दरवर्षी जुलैत त्या खिडकीत निळ्या काचेच्या बाटलीत एक हिरवी फांदी असायची, पाण्यात खोचलेली, आणि बाटलीखाली कागद पसरलेला. लार्क सात वर्षांची असताना तिची आई घर सोडून गेली होती. त्या निळ्या बाटलीत आधी आई रानफुलं ठेवायची. लार्कला वाटे, लायल आईच्या आठवणीनं ठेवतो, आणि बिचाऱ्याला फुलं कळत नाहीत म्हणून हिरवी फांदी ठेवतो. म्हणून तिनं कधी विचारलं नव्हतं. ती आंघोळीला गेली की बाहेरून त्याचा आवाज येई, "खिडकी उघडू नकोस, लार्की! वारा नको आत!"

"आणि लोकर," ती म्हणाली. "मार्नी, लाल लोकर! तू त्याला द्यायचीस ना?"

"वीतभर. दरवर्षी मागायचा. मी म्हणायचे, मेल्या, एकदाच अख्खा गुंडा घेऊन जा."

"खालच्या एका फांदीला बांधायचा. मला सांगायचा, ही तुझी फांदी, हिला हात लावू नकोस."

"म्हणजे बी फक्त त्या फांदीत," मार्नी म्हणाली. मग तिला हसू फुटलं, कप हिंदकळेपर्यंत. "म्हातारा! अख्खं आयुष्य मला ऐकवलं, घरात झाड वाढवणारे लोक कोंबड्या पण कपाटात पाळतील. आणि स्वतः? न्हाणीघरात!"

लार्कही हसली, आणि हसता हसता तिनं कात्री शोधली. लायलचीच. तुटलेला देठ तिनं तिरका कापला, फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवली आणि घराच्या दुसऱ्या टोकाला, न्हाणीघराच्या खिडकीत नेली. खाली पांढरा कागद पसरला. खिडकीची कडी लावली.

पहिले काही दिवस फांदीनं मान टाकली. लार्क दररोज पाणी बदलायची आणि दार लावून बाहेर यायची. ती फार वाचणारी बाई होती, पण फांदी बाटलीत जगते का, हे तिनं कुठल्याच पुस्तकात शोधलं नाही. त्यानं केलं होतं म्हणजे होत होतं. एका सकाळी दात घासताना तिला मणी उघडलेले दिसले. फिकट पिवळी फुलं उलटी लोंबत होती, आणि कागदावर परागाची पिठासारखी धूळ पडली होती. ती ब्रश तोंडात तसाच ठेवून, श्वास रोखून, मागच्या पावलांनी बाहेर आली.

पंखा बंद करून तिनं जलरंगाच्या कुंचल्यानं ती धूळ लावली. लायलनं तीन झाडांतलं एकच निवडलं असतं. त्याला ती नजर होती. लार्कला धीर झाला नाही. तिनं तिन्हींची खालची एकेक फांदी घेतली, पांढऱ्या केसांवरून कुंचला फिरवला आणि मार्नीनं पाठवलेली लाल लोकर बांधली. लोकरीचा या खेपेला अख्खा गुंडा आला होता.

सप्टेंबरात दोघी जेवणाच्या टेबलाशी कात्र्या घेऊन बसल्या. पानं छाटताना घरभर संत्र्याच्या सालीचा आणि ओल्या लाकडाचा वास पसरला. लायलच्या शर्टांना यायचा तोच. लाल लोकरीच्या फांद्या लार्कनं वेगळ्या वाळवल्या होत्या. तिनं पहिलं फूल तळहातावर चोळलं. तपकिरी, वाघासारखे पट्टे असलेलं बी खाली पडलं. मग आणखी. मग इतकं, की मार्नी म्हणाली, "पुरे, टेबलावरून घरंगळतंय."

बरणी अर्धी भरली.

*

पुढच्या वसंतात नदीकाठच्या सभागृहात बियांची देवघेव भरली. लांबलचक टेबलांवर घेवडा, कोबी, भोपळे, झेंडू. टोकाचं टेबल गांजाचं होतं. अगदी उघड, तरी लोक त्याच्या जवळ येताना आवाज आपोआप खाली आणत. टेबलामागे मिसेस हॅगर्टी बसल्या होत्या. प्रत्येकाचं बी कागदी पुड्यांत भरायचं आणि वर वाणाचं नि पिकवणाऱ्याचं नाव लिहायचं, हे काम त्यांच्याकडे होतं. अक्षर अजूनही फळ्यावरच्यासारखंच होतं.

लार्कनं बरणी पुढे केली. बाईंनी चष्मा नाकावर ओढून पट्टी वाचली.

"बीट?"

"हो. म्हणजे..."

"बीटाचं बी मी ओळखते, लार्क." त्यांनी पेन्सिलीला टोक आहे का ते पाहिलं. "वाणाचं नाव?"

लार्कनं आजूबाजूला पाहिलं. ससाणा, दाताचा डॉक्टर झालेला, पलीकडे भोपळ्याचं बी निवडत होता. दोघी-तिघी जणी वळून बघत होत्या. जुन्या सवयीनं तिनं मान खाली घातली, हेलिकॉप्टर डोक्यावर आल्यासारखी.

"नाव नाही त्याला," ती म्हणाली.

"मग कुणाकडचं लिहू?"

मार्नीनं कोपर मारलं. "बोल की. सुताराकडचं म्हणतेस की काय?"

मिसेस हॅगर्टी पेन्सिल कागदावर टेकवून थांबल्या होत्या, तिसरीतल्या वर्गात थांबायच्या तशाच, घाई न करता.

"बाई," लार्क म्हणाली, आणि आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, "माझे डॅडी सुतार नव्हते. त्यांना साधं खुराडं बांधता येत नव्हतं. माझे डॅडी गांजा पिकवायचे. चाळीस वर्षं, एकाच उतारावर, एकच वाण. आणि त्यांच्याइतका चांगला शेतकरी मी दुसरा पाहिला नाही. लिहा : लायलचं."